बी-२, आसन ३३ : रेल्वेत राहिलेल्या फोनचे प्रकरण

पार्श्वभूमी

प्रवासी ६४ वर्षांच्या निवृत्त शिक्षिका. लग्न आटोपून भुसावळहून विदर्भ एक्स्प्रेसने नागपूरला लेकीकडे निघालेल्या. वातानुकूलित तृतीय श्रेणीचा डबा बी-२, खालचा बर्थ, आसन ३३. ओळख पटू नये म्हणून डबा, आसन आणि काही तपशील बदलले आहेत. वेळांचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे, कारण या प्रकरणात सगळे त्या क्रमावरच ठरले.

फोन दोन वर्षांचा, अँड्रॉइड. पॅटर्नचे कुलूप होते, पण कुलूपबंद पडद्यावरही मेसेजचा मजकूर पूर्ण दिसायचा. लग्नघरात आवाज बंद केला होता, तो बंदच राहिला. त्या नंबरावर निवृत्तिवेतनाचे बँक खाते आणि यूपीआय. सिमकार्ड पुण्यातल्या मुलाच्या नावावर, घरचे बिल एकत्र येते म्हणून. गूगल खात्याचा पासवर्ड मुलीने डायरीत लिहून ठेवलेला. सिम मुलाच्या हातात आणि फोनचा माग मुलीच्या हातात, अशी ही विभागणी पुढे महागात पडली.

घटना

गाडी त्या दिवशी थोडी उशिरा, ९ वाजून ३२ मिनिटांनी नागपूरला लागली आणि ९.४० ला गोंदियाकडे सुटली. मायलेकी संत्रा मार्केटच्या बाजूने बाहेर पडल्या, नंदनवनला जायला ऑटो केला. कॉटन मार्केट चौकात आईने पर्स चाचपली. फोन नव्हता. वेळ ९.५०. मुलीने लगेच आईच्या नंबरावर फोन लावला. रिंग गेली, कोणी उचलला नाही.

रिंग जाते म्हणजे बहुधा फोन चालू आहे, सिम त्यातच आहे आणि नेटवर्कही आहे. चोर सहसा पहिल्यांदा फोन बंद करतो. दहा मिनिटांनीही रिंग जात असेल, तर फोन कुठेतरी पडून आहे ही शक्यता मोठी. म्हणून हा पहिला कॉल कधीही टाळू नये. एक-दोनदाच करावा मात्र. पुन्हा पुन्हा फोन लावून बॅटरी संपवण्यात काही हशील नाही.

पहिला तास

ऑटो परत फिरवून दोघी स्थानकावर आल्या. वाटेतच मुलीने स्वतःच्या फोनवरून आईच्या खात्याने गूगलचे ‘फाइंड हब’ उघडले. पूर्वी यालाच ‘फाइंड माय डिव्हाइस’ म्हणत. नकाशावरचा ठिपका कामठीकडे सरकताना दिसला. फोन गाडीतच होता.

फाइंड हबमध्ये तीन गोष्टी करता येतात: आवाज वाजवणे, कुलूप लावून पडद्यावर निरोप दाखवणे आणि फोन पुसून टाकणे. मुलीने १०.०२ ला दुसरी निवडली. पडद्यावर तिचा नंबर आणि ‘हा फोन बी-२ मधील प्रवाशाचा आहे, कृपया या नंबरावर कळवा’ असा निरोप झळकला. आवाज तिने तेव्हा वाजवला नाही, आणि ते योग्यच केले. आपला कोणी माणूस डब्यात नसताना पाच मिनिटे वाजणारा फोन आधी भलत्याच माणसाच्या कानावर पडतो.

स्थानकावरच्या रेल्वे सुरक्षा दलाच्या, म्हणजे आरपीएफच्या ठाण्यात तोंडी माहिती दिली. तिथून दोन गोष्टी कळल्या. पहिली, रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावरही तक्रार नोंदवायची. दुसरी गोष्ट नागपूरकरांनाही बहुधा ठाऊक नसते: ‘नागपूर विभाग’ एक नाही, दोन आहेत. नागपूर स्थानक मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात येते. गाडी गोंदियाच्या दिशेने निघाली की ती दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात शिरते, आणि गोंदियाचे आरपीएफ ठाणे त्या दुसऱ्या विभागाचे. नुसते ‘नागपूर विभागाला कळवले’ म्हटले तर निरोप कोणत्या विभागात जाईल याचा भरवसा नाही. १३९ सगळ्या विभागांना सामाईक आहे. तिथली तक्रार पीएनआरवरून गाडीला जोडली जाते आणि गाडी ज्या हद्दीत असेल तिथे पोहोचते.

१३९ वर सुरक्षेसाठी १ दाबावे लागते. रेल मदद ॲपवरून तक्रार करायची असेल, तर सुरक्षा या गटात मागे राहिलेल्या सामानाचा वेगळा पर्याय आहे. ‘चोरी’ निवडू नये, कारण त्याने तपासाची दिशाच बदलते. ओटीपी कोणत्याही चालू मोबाइलवर मागवता येतो, हरवलेला फोन हाती असावा लागत नाही. दहा अंकी पीएनआर द्यावा. गाडी क्रमांक आणि तारीख सांगण्यात एक खोच आहे. भुसावळला ही गाडी मध्यरात्रीनंतर येते, म्हणून तिकिटावरची तारीख आणि गाडी मुंबईहून सुटल्याची तारीख यांत एका दिवसाचा फरक पडतो. पीएनआर दिला की हा घोळ उरत नाही.

१०.०८ ला तक्रार नोंदली गेली. मजकूर असा: ‘बी-२, आसन ३३, खालचा बर्थ. निळ्या कव्हरचा मोबाइल. नागपूरला उतरताना राहिला. फोन चालू आहे, आवाज बंद आहे.’ मजकूर चांगलाच होता. त्यात एकच गोष्ट राहून गेली होती, आणि ती तेव्हा कोणालाच सुचली नाही.

निर्णयाची पहिली जागा : सिम बंद करायचे की चालू ठेवायचे

सिम बंद केले की ओटीपी बंद, पैसे सुरक्षित. पण सिम बंद केले की फोनचे इंटरनेटही बंद आणि ठिपकाही जागीच थांबला. चालत्या गाडीत वायफाय कुठून येणार? जवळपासच्या दुसऱ्या अँड्रॉइड फोनांच्या आधाराने इंटरनेटविना शोधण्याची सोय अलीकडे आली आहे, पण ती फोनमध्ये आधीपासून चालू हवी. या फोनमध्ये नव्हती.

मुलीने मधला मार्ग काढला. १०.१५ ते १०.२५ या वेळात आईला बँकेशी बोलायला लावून यूपीआय, डेबिट कार्ड आणि मोबाइल बँकिंग बंद करून घेतले. सिम मात्र गाडी गोंदियाला पोहोचेपर्यंत चालू ठेवायचे ठरवले. हा निर्णय योग्य होता असे आमचे ठाम मत आहे. खात्याचे दार बँकेकडूनच बंद झाले की चालू सिमचा धोका बराच उतरतो. तरी थोडा उरतोच: पडद्यावर मेसेज दिसत होते, आणि सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले तर ओटीपी तिथे येतात. सिमला स्वतःचा पिन असता तर हा उरलेला धोकाही टळला असता. फोनच्या सेटिंगमध्ये ही सोय असते. ती लावताना कंपनीचा मूळ पिन माहीत असावा लागतो. तीनदा चुकला की सिम अडकते आणि मग ते उघडणारा पीयूके क्रमांक कंपनीकडून मागवावा लागतो.

बँकेत एकापेक्षा जास्त खाती असतील किंवा सगळी खाती दहा मिनिटांत बंद करता येणार नसतील, तर हिशेब उलटतो. तेव्हा माग सोडावा आणि सिम आधी बंद करावे. फोनची किंमत काही हजार, खात्यात त्याहून कितीतरी जास्त असते.

इथे चूक निर्णयात झाली नाही, तो कळवण्यात झाली. मुलीने भावाला ‘आईचा फोन गाडीत राहिला’ एवढेच सांगितले. सिम चालू ठेवायचे ठरले आहे, हे सांगायचे राहून गेले. भावाने पुण्यातून काळजीपोटी कंपनीला फोन लावला आणि १०.५२ ला सिम तात्पुरते बंद करून घेतले. सिम त्याच्याच नावावर असल्याने कंपनीने लगेच केलेही.

देव्हाडीचा ठिपका

नकाशावरचा ठिपका थांबला. शेवटचे ठिकाण: देव्हाडी.

गाडी पुढे जात होती आणि ठिपका एका गावात अडकला होता. ताबडतोब अर्थ लावला गेला की कोणीतरी तुमसरला फोन घेऊन उतरले आणि देव्हाडीला गेले. ओळखीच्या एकाला भंडाऱ्याहून मोटारसायकलने पाठवायचीही तयारी झाली.

तुमसर रोड स्थानक देव्हाडीतच आहे. तुमसर शहर तिथून थोडे दूर. भंडारा रोड स्थानकाचेही तसेच, ते वरठीला आहे. म्हणजे ठिपका गावात नव्हता, रुळांवर होता. ठिपक्याखाली ‘शेवटचे दिसले १०.५२’ असे लिहिले होते, आणि सिम बंद झाल्याची वेळही तीच. बहीण-भावाचे बोलणे झाले तेव्हा, म्हणजे बारा वाजून गेल्यावर, हे दोन आकडे शेजारी आले आणि कोडे सुटले. ठिपका थांबणे आणि फोन थांबणे या वेगळ्या गोष्टी आहेत. माग घेताना नकाशापेक्षा आधी ती छोट्या अक्षरांतली वेळ वाचावी.

गोंदियातला पहिला शोध

गाडी ११.४८ ला गोंदियाला पोहोचली. आरपीएफचा जवान बी-२ मध्ये गेला. आसन ३३, शेजारची आसने, खिडकीजवळची जाळी, बर्थखालची जागा, सारे पाहिले. १२.०५ ला मुलीला फोन आला: ‘ताई, सीट पूर्ण पाहिली, काहीच नाही.’ तक्रार ‘शोध घेतला, आढळला नाही’ अशा शेऱ्यासह बंद झाली.

जवानाने जे सांगितले होते ते नीट तपासले. त्याला आसन सांगितले होते, त्याने आसन पाहिले.

निर्णयाची दुसरी जागा

साडेबाराच्या सुमारास तीन वाटा समोर होत्या.

भाऊ म्हणत होता, फोन पुसून टाकू. बंद असलेल्या फोनला ही आज्ञा देता येते. फोन जेव्हा नेटवर येईल तेव्हा ती आपोआप अमलात येते. पण एकदा फोन पुसला की फाइंड हबला तो दिसत नाही, आवाजही वाजवता येत नाही. मुलीने त्याला थांबवले. तिचा हा नकार या प्रकरणातला सर्वांत मोलाचा क्षण ठरला, हे पुढे कळेल. पुसून टाकणे हा शेवटचा उपाय आहे. फोन परत मिळण्याची आशा सोडल्यावर आणि त्यातला मजकूर कोणाच्या हाती पडू नये एवढीच काळजी उरल्यावर तो करावा.

दुसरी वाट लोहमार्ग पोलिसांत तक्रार देऊन संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, रोखण्याची. तिच्याबद्दल शेवटी.

तिसरी वाट होती आईला नीट विचारण्याची. आतापर्यंत सगळे तिला ‘कुठे ठेवला होतास?’ एवढेच विचारत होते आणि ती ‘उशीपाशी’ एवढेच सांगत होती. मुलीने प्रश्न बदलला. जाग आल्यापासून उतरेपर्यंत काय काय केले, एकेक सांग. आईने सांगितले: पावणेनऊला जाग आली, वेळ बघायला फोन हातात घेतला, पुन्हा अंगावर चादर ओढून बसले, शेजारच्या बाईंशी बोलले. नऊच्या पुढे चादरी गोळा करणारा मुलगा आला. ‘मग मी चादर, अभ्रा, सगळे एकत्र गुंडाळून त्याच्या हातात दिले.’

वातानुकूलित डब्यात दोन चादरी, उशीचा अभ्रा आणि हातपुसणे मिळते. मोठे स्थानक आले की अटेंडंट वापरलेले कापड गोळा करून गठ्ठ्यात बांधतो. ब्लँकेट आणि उशी तिथेच राहते. गुंडाळलेल्या चादरीत फोन आहे हे बाहेरून कळायला मार्ग नाही, आणि दिवसभरात अशा कितीतरी चादरी हातांखालून जातात. अटेंडंटला दोष देण्यासारखे यात काही नाही.

दुसरा शोध

१२.४५ ला १३९ वर दुसरी तक्रार नोंदवली. जुन्या तक्रारीचा क्रमांक दिला आणि मजकूर असा ठेवला: ‘फोन बहुधा वापरलेल्या चादरींच्या गठ्ठ्यात आहे. बी-२ च्या दाराजवळचे कपाट उघडून गठ्ठे पाहावेत.’ ज्या नंबरावरून जवानाने फोन केला होता, त्यावरही हेच कळवले. त्याच वेळी भावाने कंपनीकडून सिम पुन्हा चालू करायला घेतले. बंद करायला चार मिनिटे लागली होती, चालू करायला ओळख पटवून पाऊण तास गेला.

१.४६ ला ठिपका पुन्हा दिसला. गोंदिया स्थानक, बॅटरी २१ टक्के. भावाने आधीच पुसण्याची आज्ञा दिली असती, तर याच क्षणी फोन नेटवर येऊन कोरा झाला असता आणि चादरींत मुका पडून राहिला असता.

वेळ थोडा होता. हीच गाडी दुपारी मुंबईकडे परत निघणार होती. त्याआधी वापरलेले कापड डब्यातून उतरवले जाण्याची शक्यता होती.

१.५८ ला जवान डब्यात पोहोचला आणि मुलीशी फोनवर जोडलेला राहिला. आता तिने आवाज वाजवला. फाइंड हबचा हा आवाज फोन सायलेंटवर असला तरी पूर्ण जोरात, पाच मिनिटे वाजतो. पहिल्यांदा काही ऐकू आले नाही. कपाट बंद होते, किल्ली अटेंडंटकडे होती आणि अटेंडंट फलाटावर होता. तो येऊन कपाट उघडेपर्यंत पाच मिनिटे संपली. दुसऱ्यांदा आवाज वाजवला तेव्हा वरून तिसऱ्या गठ्ठ्यातून दबलेला आवाज आला. २.१० ला फोन हाती लागला.

आवाज वाजवण्याआधी ‘कपाट उघडले का?’ एवढे विचारायला हवे होते. पाच मिनिटांच्या त्या आवाजात बॅटरीही उतरते, आणि ती १० टक्क्यांवर असती तर दुसरी संधी मिळाली नसती.

फोन ताब्यात मिळवणे

फोन गोंदियाच्या आरपीएफ ठाण्यात जमा झाला. हरवलेले सामान प्रवाशाला परत करण्याच्या या कामाला आरपीएफमध्ये ‘ऑपरेशन अमानत’ म्हणतात. संध्याकाळी नागपूरला येणाऱ्या त्याच गाडीने फोन पाठवता येईल का, असे विचारून पाहिले. नाव-सही घेऊनच वस्तू द्यायची असल्याने नकार आला, आणि तो रास्तच आहे.

दुसऱ्या दिवशी आई आणि मुलगी गोंदियाला गेल्या. सोबत आधार कार्ड, तिकिटाचा मेसेज, दोन्ही तक्रारींचे क्रमांक आणि फोनचा रिकामा डबा. डब्यावरचे १५ अंकी आयएमईआय आणि फोनमधले अंक जुळवून पाहिले. ‘*#०६#’ डायल केले की ते पडद्यावर येतात. दोन सिमांच्या फोनला दोन आयएमईआय असतात, दोन्ही लिहून ठेवावेत. आईने पॅटर्न काढून फोन उघडून दाखवला, पोचपावतीवर सही केली. मालक स्वतः जाऊ शकत नसेल, तर सही केलेले अधिकारपत्र आणि दोघांची ओळखपत्रे लागतील का, हे ठाण्यात आधी फोनवर विचारून मगच निघावे.

बँकेची सेवा पुन्हा सुरू व्हायला दोन दिवस लागले. डेबिट कार्ड नवे घ्यावे लागले.

काय वेगळे करता आले असते

जाग आल्यापासूनचा क्रम विचारायला पावणेतीन तास लागले. तो प्रश्न ऑटोतच विचारला असता, तर १०.०८ च्या तक्रारीत ‘चादरींचा गठ्ठा’ हे शब्द आले असते आणि पहिल्याच शोधात फोन मिळाला असता. ‘कुठे ठेवला होता’ या प्रश्नाला माणूस सवयीचे उत्तर देतो. ‘त्यानंतर हातात काय घेतले, कोणाला काय दिले’ असे विचारले की हातांची आठवण जागी होते.

घरातल्या एकानेच सूत्रे हाती घ्यावीत आणि बाकीच्यांनी त्याला विचारल्याशिवाय सिम, खाते, फोन यांना हात लावू नये. हे पहिल्याच फोनवर स्पष्ट बोलायला हवे होते.

काही गोष्टी प्रवासाला निघण्याआधीच्या आहेत. कुलूपबंद पडद्यावर मेसेजचा मजकूर लपवावा. फाइंड हब चालू आहे का, आणि त्यात इंटरनेटविना शोधण्याची सोय आहे का, ते पाहावे. गूगल खात्याला दुहेरी पडताळणी असेल, तर खात्यात शिरायला लागणारा संदेश हरवलेल्या फोनवरच जातो आणि घरचे बाहेर अडकतात. त्यासाठी गूगल दहा आकस्मिक कोड देते, प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून घरी ठेवावेत. आईच्या खात्याला दुहेरी पडताळणी नव्हती म्हणून मुलीला लगेच शिरता आले, पण म्हणून ती लावू नये असे नाही. कोड मात्र हवेतच.

हीच चोरी असती तर

रिंग न जाता फोन बंद लागत असता किंवा ठिपका रूळ सोडून हलला असता, तर वाट वेगळी होती. प्रवाशाच्या सामानाच्या चोरीचा गुन्हा आरपीएफ नोंदवत नाही. तो राज्याच्या लोहमार्ग पोलिसांकडे नोंदवावा लागतो. चोरी कोणत्या हद्दीत झाली यावरून टोलवाटोलवी सुरू झाली, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द न पाहता तक्रार नोंदवता येते, हे शांतपणे सांगावे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. भरपाईची आशा धरू नये. सोबत नेलेल्या सामानाबद्दल, रेल्वेचा हलगर्जीपणा सिद्ध झाल्याशिवाय, रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १०० नुसार रेल्वे जबाबदार नसते.

तक्रारीची प्रत हाती आली की त्याच नंबराचे नवे सिम घ्यावे. संचार साथीच्या सीईआयआर या सोयीत आयएमईआय रोखायला त्या नंबरावर ओटीपी येतो, आणि नव्या सिमवर मेसेज सुरू व्हायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. ही अडचण आधी माहीत नसली की लोक पहिल्या दिवशी पुन्हा पुन्हा अर्ज भरत बसतात. अर्जात आयएमईआय, हरवल्याचे ठिकाण आणि तारीख, पोलीस ठाणे, तक्रार क्रमांक आणि ओळखपत्र लागते. खरेदीची पावतीही जवळ ठेवावी. अर्ज स्वीकारला गेला की २४ तासांत फोन देशातल्या कोणत्याही नेटवर्कवर चालेनासा होतो. त्यात कोणी दुसरे सिम घातले तर त्याचा माग पोलिसांकडे जातो.

या प्रकरणात साडेबारालाच ही वाट धरली असती, तर सिम पुन्हा चालू करूनही फोन नेटवर आला नसता. म्हणून गाडीत राहिलेल्या फोनसाठी गाडीचा प्रवास संपून डबा तपासून होईपर्यंत थांबावे, आणि चोरीची खात्री असेल तर अजिबात थांबू नये. रोखलेला फोन नंतर सापडला, तर आधी पोलिसांत तशी नोंद करावी आणि मग अर्जाच्या क्रमांकावरून संचार साथीवरच तो मोकळा करून घ्यावा. तोवर त्यात नवे सिम घातले तरी फोन चालत नाही.